पक्षी विकत घेऊन सोडणं ही जीवदया आहे का?



महावीर जन्मकल्याणक जवळ आलं की आपल्या गटांमध्ये जीवदयेच्या वर्गणीची चर्चा सुरू होते. गोशाळा, पांजरापोळ, कबुतरांचं धान्य ही नेहमीची नावं. यंदा एका मंडळातून नवीन सूचना आली आहे. जव्हारहून साखरशेतकडे जाताना रस्त्याच्या कडेला मुलं रानातले पक्षी धरून विकायला उभी असतात, कधी होले, कधी लावे, कधी पाय बांधलेली रानकोंबडी. ते सगळे पक्षी विकत घ्यायचे, नवकार म्हणून रानात सोडायचे आणि दर वर्षी हा कार्यक्रम करायचा. प्रत्येकीने पाचशे एक रुपये द्यायचे.

सूचना करणाऱ्या बहिणींचं मन चांगलं आहे. पाय बांधलेला पक्षी बघून ज्याच्या पोटात कालवत नाही, तो जैन कसला? तरीही मी या वर्गणीला नाही म्हटलं आहे, आणि तुम्हीही नाही म्हणावं असं मला वाटतं. का, ते सविस्तर लिहिते.

आधी त्या पक्ष्यांविषयी. आपल्या सह्याद्रीत जो रानकोंबडा आहे तो राखी रानकोंबडा. घरच्या कोंबडीचा भाऊबंद, पण पक्का रानातला. त्याचा विणीचा मुख्य काळ फेब्रुवारी ते मे. मादी झुडपाच्या आडोशाला जमिनीवरच खळगा करून चार ते सात अंडी घालते आणि जवळजवळ तीन आठवडे ती उबवते. म्हणजे आपलं जन्मकल्याणक बरोबर तिच्या विणीत येतं. त्या दिवशी रस्त्यावर विकायला आलेली मादी घरट्यावरून धरलेली असण्याची शक्यता मोठी. आपण तिला दोन दिवसांनी, दोन कोसांवर सोडलं तर ती सुटेल. तिची अंडी मात्र कधीच थंड झालेली असतील. आपल्या वहीत एक जीव वाचला असं लिहिलं जाईल, आणि पाच-सहा गेले ते कुठेच लिहिले जाणार नाहीत.

मी कॉमर्स शिकले, त्यामुळे दुसरा प्रश्न मला लगेच पडतो. गिऱ्हाईक पक्कं झालं की माल वाढतो. आज मुलगा स्वतःच्या घरच्या कालवणापुरता एखादा होला पाडतो. उद्या त्याला कळलं की महावीर जयंतीला गाड्या येतात आणि जिवंत पक्ष्याला रोख पैसे देतात, तर तो आठवडाभर आधीपासून फासे लावेल. त्याच्याबरोबर आणखी चार मुलं लावतील. फाशात सापडलेले सगळे जिवंत राहत नाहीत. दहा धरले तर त्यातले काही पाय मोडून, काही घाबरून, काही टोपलीत गुदमरून मरतात. साखरशेतकडची एक बाई आमच्याकडे रानभाज्या घेऊन येते. तिला मी या बेताविषयी विचारलं. ती हसून म्हणाली, "तुम्ही पैसे देणार, मग पोरं शाळेत कशाला जातील?" अर्थशास्त्राचं पुस्तक न वाचता तिने एका वाक्यात सगळं सांगितलं.

आपल्या धर्माने हे फार पूर्वी सांगून ठेवलं आहे. हिंसा तीन प्रकारे होते: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि दुसरा करत असताना संमती देणं. पाठशाळेत हे आपण सगळ्यांनी घोकलं आहे. ज्या पक्ष्याला केवळ आपल्या पैशासाठी धरलं, त्याचं धरणं हे कारित झालं. आपण हाताने फासा लावला नाही, एवढ्याने सुटका होत नाही. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांमध्ये केशवाणिज्य आहे, म्हणजे जिवंत प्राण्यांची खरेदी-विक्री. शेवटी सोडून देण्यासाठी केलेली खरेदी ही खरेदीच असते.

कायद्याचंही तेच म्हणणं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ फक्त मारणं असा नाही. पकडणं, फासा लावणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी मोडणं हेसुद्धा शिकारीतच येतं. १९९१ च्या दुरुस्तीनंतर तर रानातल्या देशी पक्ष्यांचा व्यापारच बंद झाला. म्हणजे विकणारा गुन्हेगार आणि घेणारेही निर्दोष नाहीत. पण उद्या वनखात्याने धरपकड केली तर कोण सापडेल? गाडीतून आलेल्या आपण घरी पोचलेल्या असू. सापडेल तो मुलगा आणि त्याचा बाप. आपल्या पुण्याच्या कार्यक्रमापायी एका आदिवासी घराला कोर्टाच्या फेऱ्या घालाव्या लागल्या, तर ते कोणाच्या खात्यात मांडायचं?

आता थोडं लांबचं उदाहरण देते, कारण आपल्यापैकी अनेकींची मुलं अमेरिकेत आहेत आणि त्यांच्याकडे गेलं की हा पक्षी दिसतो. कॅलिफोर्नियात वस्तीच्या रस्त्यांवर टर्कीचे थवे आरामात हिंडत असतात. मोरासारखं शेपूट पसरतात, गाड्या अडवतात. आपल्याकडच्या आज्या कौतुकाने त्यांना दाणे टाकतात आणि मुलं ओरडतात, "आई, इथे असं करायचं नसतं."

टर्की मूळचा अमेरिका खंडातला. आपल्या देशात तो गोव्याच्या बंदरातून आला असावा. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेल्या नवलाच्या प्राण्यांमध्ये तो होता. जहांगीर बादशहाने त्याचं वर्णन लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंदुका आणि जंगलतोड यांनी तो बहुतेक राज्यांतून नाहीसा होत आला होता. मग तिथल्या सरकारांनी आणि शिकाऱ्यांनीच तो परत वाढवायचं ठरवलं. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी ठेवला. पहिली कित्येक वर्षं त्यांनी पिंजऱ्यात वाढवलेले टर्की रानात सोडले. ते तगलेच नाहीत. त्यांना ना कोल्हा ओळखता येत होता, ना खाणं शोधता येत होतं. शेवटी रानातलेच टर्की जाळ्याने धरून दुसऱ्या रानात नेऊन सोडले, तेव्हा कुठे संख्या वाढली आणि साठ-सत्तर लाखांच्या घरात गेली.

शिकाऱ्यांनी पक्षी वाचवला, हे आपल्याला पचायला जड आहे. त्यांचा हेतू आपला नव्हे. त्यांना मारायला पक्षी हवे होते. पण त्या गोष्टीत आपल्यासाठी दोन धडे आहेत. पहिला असा की तिथे वसंतातल्या शिकारीत फक्त नर मारायची परवानगी असते. अंड्यावर बसणाऱ्या मादीला हात लावायचा नाही, एवढा नियम बंदूकवालेही पाळतात. आणि आपण पुण्यासाठी नेमक्या त्याच काळात मादी धरायला उत्तेजन देणार?

दुसरा धडा कॅलिफोर्नियाचा. तिथे आजचा हा टर्की मुळात नव्हताच. शिकारीला पक्षी हवा म्हणून राज्य सरकारनेच १९५९ पासून टेक्सासकडचे रानटर्की आणून सोडले. ते इतके वाढले की आता शहरांत शिरले आहेत. लोक बागा खराब होतात म्हणून तक्रार करतात. ओकच्या झाडांखालची फळं आणि किडे हे तिथल्या मूळ पक्ष्या-प्राण्यांचं खाणं, त्यात हा मोठा वाटेकरी आला. त्याने नुकसान नेमकं किती झालं यावर तिथल्या अभ्यासकांत वाद आहे. पण एकदा सोडलेला पक्षी परत बोलावता येत नाही, यावर वाद नाही. सोडणाऱ्याचा हेतू मारण्याचा असो की तारण्याचा, रानाला हेतू कळत नाही. तिथे कोण आलं आणि कोणाच्या तोंडचा घास गेला, एवढंच रानाला कळतं.

हे वाचून वाटेल, आपण कुठे टर्की सोडायला चाललो आहोत? टर्की नाही, पण कबुतरं आहेत. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रण पेटलं ते आपण पाहिलं. त्या वादाच्या आरोग्याच्या बाजूवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला त्यातली पक्ष्यांची बाजू मांडायची आहे. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल कळू शकला, त्यांपैकी २०४ जाती घटल्या आहेत, ९८ स्थिर आहेत आणि फक्त ३६ वाढल्या आहेत. वाढणाऱ्या थोड्या जातींमध्ये आपलं कबुतर आहे. म्हणजे जो पक्षी आधीच भरभराटीला आला आहे, त्याच्यापुढे आपण पोती रिकामी करतो. आणि जे दोनशे चार गळत चालले आहेत, त्यांची नावंसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत.

कबुतराचाच एक देखणा नातलग साखरशेतच्या रानात आहे. हरियल. हिरवा-पिवळा, पिवळ्या पायांचा. महाराष्ट्राचा राज्यपक्षी. तो क्वचितच जमिनीवर उतरतो, त्यामुळे आपलं धान्य त्याच्या कामाचं नाही. त्याला लागतात उंबर, वड, पिंपळ यांची फळं. गंमत बघा, ही सगळी पंच उदुंबरातली फळं. सूक्ष्म जीव असतात म्हणून आपण ती खात नाही. जी फळं आपण पिढ्यान्‌पिढ्या त्यागली, तीच त्याचं अन्न आहेत. जीवदयेच्या पैशातून उंबराची दहा झाडं जगवली, तर हरियल, धनेश, बुलबुल, वटवाघळं सगळ्यांचं अन्नछत्र शंभर वर्षं चालेल. रोज पोतं उघडायलाही जावं लागणार नाही.

काही जणी आणखी एक प्रकार करतात. बाजारातून कोंबड्या सोडवून आणायच्या आणि घाटात नेऊन सोडायच्या. कृपा करून हे तरी नकोच. अमेरिकेतल्या पिंजऱ्यातल्या टर्कीसारखीच गत होते. खुराड्यात वाढलेली कोंबडी रानात पहिली रात्रही काढेल की नाही शंका. मुंगूस, रानमांजर तिला सोडत नाही. आणि तिच्या अंगात राणीखेतसारखा रोग असला तर तो रानकोंबड्यांकडे जाण्याचा धोका. सोडवलेला प्राणी आयुष्यभर सांभाळायची तयारी असेल तरच त्याला सोडवावं. आपली पांजरापोळ त्यासाठीच आहे. दिल्लीच्या लाल मंदिरातला पक्ष्यांचा दवाखानाही तसाच, दुखणं बरं करून मग उडू देणारा.

आता त्या मुलाविषयी, ज्याच्या हातात गलोल आहे. आपल्याकडे बोलताना "हे लोक" असा शब्द सहज येतो. मला तो खटकतो. जव्हार संस्थानच्या काळात आणि त्याआधीपासून या रानात वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी राहत आले. देशभर राजे आणि इंग्रज साहेब शौकासाठी शिकार करत होते. राखी रानकोंबड्याच्या मानेवरची मेणासारख्या ठिपक्यांची पिसं तर विलायतेत मासे धरायच्या नकली माश्या बनवायला जात. त्यासाठी कोंबडे मारले गेले, पुढे सरकारने ती निर्यात बंद केली. मौजेसाठी इतकं मारणाऱ्यांना आपण कधी नावं ठेवली नाहीत. भाकरीबरोबर कालवण हवं म्हणून होला पाडणारा मुलगा मात्र आपल्या नजरेत क्रूर ठरतो.

त्याचा होला पाडणं बरोबर, असं मी म्हणत नाही. हिंसा ती हिंसा. पण १९९२ मध्ये याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला होता. आजही इथली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. जी मागे राहतात त्यांच्या डब्यात उन्हाळ्यात नागलीची भाकरी आणि मिरची, एवढंच असतं. अंगणवाडीतल्या मुलांच्या ताटात अंडं नको, असं आपल्या समाजातून मोठ्या आवाजात म्हटलं जातं. मीही अंड्याच्या बाजूची नाही. पण अंडं नको म्हणणाऱ्यांनी त्या ताटात अंड्याऐवजी काय, याचा खर्चही उचलला पाहिजे. डाळ, शेंगदाणे, चणे, दूध. नुसतं नको म्हणणं फुकट असतं, म्हणून ते सोपं असतं.

शांतिनाथ भगवंतांच्या पूर्वभवातली मेघरथ राजाची कथा आपण मुलांना सांगतो. पारवा शरण आला आणि ससाणा म्हणाला, मी भुकेला आहे. राजाने ससाण्याला हाकलून दिलं नाही. त्याची भूकही खरी मानली आणि स्वतःच्या अंगाचं मांस तराजूत घातलं. आपण या कथेतला पारवा तेवढा लक्षात ठेवला. ससाण्याची भूक विसरलो.

म्हणून माझी सूचना अशी. वर्गणी करूच, पाचशे एकच करू, पण पक्षी विकत न घेता हे करू.

साखरशेत आणि आजूबाजूच्या पाड्यांवर चैत्र ते आषाढ, म्हणजे हाताला काम आणि घरात दाणा नसतो त्या महिन्यांत, डाळ आणि शेंगदाणे देऊ. शाळेतल्या बाईंना आणि आशाताईंना विचारून द्यायचं, फोटो काढायला जायचं नाही. धान्य देताना "गलोल टाका" अशी अटही घालायची नाही. अटीने दिलेलं दान म्हणजे सौदा.

वणव्याकडे लक्ष देऊ. पंधरा कर्मादानांत दवदान, म्हणजे रानाला आग लावणं हेही आहे. भाताच्या आणि नागलीच्या रोपासाठी राब भाजताना ठिणगी उडते, कोणी विडी टाकतो, आणि जमिनीवरची घरटी अंड्यांसकट जळतात. एका वणव्यात जेवढे जीव जातात, तेवढे सगळ्या गावच्या गलोलींनी वर्षात जात नसतील. पाड्यातल्या तरुणांना जाळरेषा काढायच्या कामाची मजुरी वनखात्याच्या सल्ल्याने देता येईल. त्यात रान वाचेल आणि चूलही पेटेल.

उन्हाळ्यात पाण्याची सोय बघू. मध्य वैतरणाचं धरण मोखाड्यात, त्याचं पाणी मुंबईच्या नळाला, आणि मोखाड्यातल्या बाया मार्च लागला की हंडे घेऊन डोंगर उतरतात. मुंबईच्या बहिणींनो, आपण जे पाणी गाळून, उकळून पितो त्यात या डोंगरांचा वाटा आहे. गावाच्या एखाद्या झऱ्याची दुरुस्ती करून दिली तर माणसं आणि पाखरं दोघंही पितील.

आणि पावसाळ्याच्या तोंडाशी उंबर, वड, पिंपळ लावू. चातुर्मासात आपण प्रवास टाळतो, म्हणून लावायचं आणि पहिली दोन वर्षं जगवायचं काम गावातल्यांकडे, मजुरी आपल्याकडे.

"पण डोळ्यांसमोर पाय बांधलेला पक्षी दिसला तर तसंच पुढे जायचं का?" एका मैत्रिणीने मला विचारलं. नाही. थांबायचं. मुलाशी बोलायचं, त्याचं नाव, इयत्ता विचारायची. विणीत मादी धरली तर पुढच्या वर्षी रानात काय उरेल, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, त्याच्याकडूनच ऐकायचं. पक्षी सोडून दे म्हणून विनवायचं, पण पैशाच्या बदल्यात नाही. पक्षी जखमी असेल तर वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करायचा. त्यातला एखादा पक्षी वाचणार नाही, हे दुःख सोसावं लागेल. ते सोसणं मला विकत घेतलेल्या पुण्यापेक्षा जास्त खरं वाटतं.

येत्या रविवारी सामायिकानंतर मंडळाची बैठक आहे. मी हे सगळं तिथे मांडणार आहे. ज्यांना पटेल त्यांनी डाळीचा भाव विचारून या, किलोचा नको, पोत्याचा.